‘हेल्मेट जड होतंय’ : मावशीची डोकेदुखी आणि एका ओपन फेस हेल्मेटची निवड

स्कूटर चालवणाऱ्या बायकांकडून हेल्मेटबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘जड होतं, डोकं दुखतं’. ऐकणाराही लगेच सांगून मोकळा होतो, ‘मग हलकं घ्या एखादं’. माझ्या मावशीची डोकेदुखी अगदी खरी होती, पण तिचं मूळ वजनात नव्हतं. ते कशात होतं, ते कसं सापडलं, मग कुठलं हेल्मेट घेतलं, बाकीची का नाकारली आणि एवढं करूनही कुठला धोका शिल्लक राहिला, हे सगळं इथे मांडते आहे.

माझं मत आधीच सांगते. हेल्मेट सोयीचं असण्याला आपल्याकडे फार कमी महत्त्व दिलं जातं. जे टोचतं ते पहिल्या संधीला डोक्यावरून उतरतं आणि हँडलखालच्या हुकाला, आरशाला किंवा कोपराला लटकतं. तिथे लटकलेल्या हेल्मेटवर कुठला शिक्का आहे याने काहीच फरक पडत नाही.

परिस्थिती

मावशी ५४ वर्षांची, शाळेत शिक्षिका. राहते धायरीत, शाळा टिळक रस्त्याजवळ. धायरी फाटा, वडगाव, संतोष हॉल, राजाराम पूल, दांडेकर पूल असा रोजचा रस्ता. सकाळच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास सहज जातो. वेग क्वचितच ताशी ४० च्या वर. गाडी ११० सीसीची स्कूटर. प्रोग्रेसिव्ह नंबरचा, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा, लांब केस, शाळेत जाताना आंबाडा, आणि पुण्यातल्या हजारो बायकांसारखा डोक्याला-तोंडाला घट्ट गुंडाळलेला सुती स्कार्फ. यातली प्रत्येक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

तिच्याकडे दोन हेल्मेटं होती. पहिलं गाडीबरोबर मिळालेलं. दुचाकी विकताना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) मानकाचं हेल्मेट द्यावं अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तरतूद आहे. पण ते देताना कुणी डोकं मोजत नाही, त्यामुळे जे हातात येतं ते नेलं जातं. या हेल्मेटने तिला राजाराम पूल येईपर्यंत कपाळात ठणका लागायचा. शाळेत पोचून हेल्मेट काढलं की दुसऱ्या तासापर्यंत डोकं मोकळं. कपाळावर, केस सुरू होतात त्याच्या जरा खाली, लालसर पट्टा उमटलेला असायचा.

म्हणून तिने दुसरं घेतलं, एक माप मोठं. सैल म्हणजे आरामाचं, हा तिचा विचार. कपाळाचा ठणका कमी झाला, पण हे हेल्मेट खड्ड्याखड्ड्याला पुढे घसरून चष्म्यावर टेकायचं. मग खालून रस्ता दिसावा म्हणून मावशी हनुवटी वर करून चालवायची. संध्याकाळी मान धरलेली. तिने दोन्ही अनुभवांतून एकच निष्कर्ष काढला: ‘मला हेल्मेट झेपत नाही, जड होतं.’ त्यानंतर हेल्मेट चौकापुरतं राहिलं आणि पट्टा तर लावलाच जात नव्हता.

पुण्यात हा विषय नुसता डोक्याचा नाही, भावनेचाही आहे. जानेवारी २०१९ मध्ये वाहतूक पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा शहरात मोर्चे निघाले, हेल्मेटसक्ती विरोधी कृती समितीने आंदोलनं केली. मावशी कुठल्या मोर्चात नव्हती, पण ‘शहरात चाळीसच्या वेगाला कशाला हवं’ हे वाक्य तिच्याही तोंडी होतं. मी तिच्याशी सक्तीवर वाद घातला नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अपघात अहवालातले दोन आकडे सांगितले. त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांचे मृत्यू ५०,०२९ होते. त्यात १४ हजारांहून जास्त मागे बसलेले. शिवाय वेगाचा मुद्दा घ्यायचा तर गाडी उभी असतानाही माणूस स्कूटरवरून कोसळला की डोकं जवळपास दीड मीटरवरून डांबरावर आपटतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००८ मधल्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्के कमी होतो. ती म्हणाली, “अगं, मला घालायचंय गं. दुखतं त्याचं काय करू ते सांग.” हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आकडेवारीत नव्हतं.

वजनाचा संशय

पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही हेल्मेटं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. पहिलं १,०४० ग्रॅम, दुसरं ९८० ग्रॅम. म्हणजे मान धरणारं हेल्मेट दोघांत हलकं होतं. ओपन फेस, म्हणजे तोंडापुढे उघडं असलेलं हेल्मेट साधारण ८०० ते १,२०० ग्रॅममध्ये असतं, त्यामुळे तिची दोन्ही अगदी सामान्य वजनाची. वजनाने त्रास होत नाही असं माझं म्हणणं नाही. मानेचं जुनं दुखणं असलेल्या माणसाला शंभर ग्रॅमही जाणवतात. पण इथे जास्त वजनाचं हेल्मेट कपाळ दुखवत होतं आणि कमी वजनाचं मान. म्हणजे कारणं दोन होती आणि ती वेगवेगळी शोधायला हवी होती.

कपाळाच्या दुखण्याची लक्षणं ओळखीची आहेत. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या डोकेदुखीच्या वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीचा स्वतंत्र प्रकार नोंदला आहे. हेल्मेट, घट्ट टोपी, पोहण्याचा गॉगल यांनी होणारी. तिच्या खुणा अशा: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखू लागतं, जिथे दाब आहे तिथेच सगळ्यात जास्त दुखतं आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबतं. मावशीचं वर्णन यात तंतोतंत बसत होतं. तरी तिने आधी रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर तपासून घेतला, ते योग्यच केलं. हेल्मेट नसतानाही डोकं दुखत असेल तर आधी डॉक्टर, हेल्मेटचं दुकान नंतर.

मग प्रश्न उरला, कपाळावरच दाब का? हेल्मेट तर तिच्या मापाचं वाटत होतं.

घेर एक, आकार वेगळा

भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग घेऊन शिंप्याची टेप फिरवली. घेर ५६ सेंटिमीटर. गाडीबरोबरच्या हेल्मेटच्या लेबलवर ५८० मिमी. कागदावर हे हेल्मेट सैल व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात ते कपाळात रुतत होतं.

उत्तर टेप देत नाही, कारण टेप फक्त घेर सांगते. गोल आणि लंबगोल या दोघांचा घेर सारखा असू शकतो. म्हणून मावशीला भिंतीला डोकं टेकवून बसवलं, कपाळाला एक जाड पुस्तक उभं लावलं आणि भिंत ते पुस्तक हे अंतर मोजलं: १९.६ सेंटिमीटर. तसंच दोन्ही कानांच्या वर दोन पुस्तकं धरून रुंदी: १४.४. पाच सेंटिमीटरहून जास्त फरक. मावशीचं डोकं पुढून मागे लांब आणि बाजूंनी अरुंद आहे. हेल्मेटच्या व्यवसायात डोक्याचे ढोबळमानाने तीन आकार धरतात: गोलसर, मधला आणि लांबट. लांबट डोकं गोलसर हेल्मेटात घातलं की कपाळ आणि डोक्याची मागची बाजू टेकते, कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी पोकळी राहते. तिच्या हेल्मेटात नेमकं हेच होत होतं. गोलसर डोक्याच्या माणसाला अरुंद हेल्मेट घातलं तर उलट होतं, दाब कानशिलांवर येतो.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हेल्मेटात दोन थर असतात. आतली कापडी गादी आणि तिच्यामागे कडक थर्माकोल, ज्याला ईपीएस म्हणतात. गादी वापराने बसते, थोडी सैल होते. थर्माकोल तसा बसत नाही. तो अपघातात एकदाच चेपून आघात शोषण्यासाठी असतो. गालाजवळची गादी जाड असते म्हणून तिथला घट्टपणा महिन्याभरात कमी होतो. कपाळापाशी गादी पातळ असते आणि लगेच मागे थर्माकोल. म्हणून कपाळावरचा दाब वापरून जाण्याची शक्यता फार कमी. काही जण चमच्याच्या पाठीने थर्माकोल दाबून जागा करतात. हे अजिबात करू नये. जिथे चेपलं तिथे संरक्षण कमी झालं, आणि नेमकं कपाळावरच.

स्कार्फचं गणित

दुसरं कारण मावशीला पटवायला जास्त वेळ लागला. स्कार्फ ही पुण्यातल्या स्कूटरवरच्या बाईची गरज आहे. धूळ, ऊन, धूर, केस उडणं, सगळ्याला एकच उपाय. त्याला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. पण तो हेल्मेटच्या आत गेला की माप बदलतं.

डोक्याभोवती समान जाडीचा थर आला तर घेर त्या जाडीच्या सहा पटींहून थोडा जास्त वाढतो. स्कार्फचे दोन-तीन पदर मिळून तीन मिलिमीटर जाडी धरली तर घेर जवळपास १९ मिलिमीटरने वाढतो. बहुतेक हेल्मेटांच्या दोन मापांमधलं अंतर २० मिलिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे स्कार्फ बांधून मावशी एक अख्खं माप वर जात होती. ५६ च्या डोक्याला ५८ चं हेल्मेट ‘बसत’ होतं ते यामुळे. आणि हा थर डोक्याला किंवा हेल्मेटला चिकटलेला नसतो. सुती कापड केसांवरून सरकतं, त्याच्यावर हेल्मेट सरकतं.

त्यात गाठ. मावशी स्कार्फची गाठ मानेच्या वर मागे बांधायची आणि तिच्याखाली आंबाडा. ओपन फेस हेल्मेटची मागची कड मानेच्या वळणापर्यंत खाली येते. ती कड आंबाड्यावर आणि गाठीवर चढायची आणि अख्खं हेल्मेट पुढे ढकललं जायचं. मोठ्या मापाचं हेल्मेट चष्म्यावर का टेकायचं, ते कोडं इथे सुटलं. आंबाड्यातले आकडे आणि प्लॅस्टिकचा क्लचर हा तर थेट धोका. पडल्यावर ते कवटीवर दाबले जाणार.

तोडगा असा निघाला. गाडीवर आंबाडा नाही, मानेपासून सुरू होणारी सैल वेणी. शाळेत पोचल्यावर ती दोन मिनिटांत गुंडाळते. डोक्याला हेल्मेटखाली घालायची पातळ, अंगाबरोबर ताणली जाणारी टोपी. स्कार्फ राहिला, पण हेल्मेट घातल्यानंतर गळ्यापासून नाकापर्यंत, गाठ बाहेर बाजूला. पदर लोंबणार नाही एवढं खोचून घ्यायचं. खोबरेल तेलाची सवय असलेल्यांना त्या टोपीचा आणखी एक फायदा आहे, हेल्मेटची गादी तेलकट होत नाही. टोपी रोज धुता येते.

फुल फेसचा विचार का सुटला

हा निर्णयाचा सगळ्यात अवघड भाग होता आणि मी त्यावर घाईने बोलणार नाही. फुल फेस, म्हणजे हनुवटीसकट सगळं तोंड झाकणारं हेल्मेट जास्त सुरक्षित असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हेल्मेटवरच्या आघातांचा जर्मनीत हॅनोव्हरला जो अभ्यास झाला, त्यात साधारण एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले. ओपन फेस हेल्मेटात तिथे काहीही नसतं. पुढची काच वाऱ्या-धुळीसाठी आहे, जबड्यासाठी नाही. युरोपच्या ईसीई २२ मानकात हा फरक लेबलवरच नोंदवतात, उघड्या तोंडाच्या हेल्मेटला ‘जे’ आणि हनुवटीला संरक्षण देणाऱ्याला ‘पी’ असं अक्षर असतं.

मावशीने फुल फेस घालून पाहिलं. चष्मा काढून हेल्मेट घालायचं, मग चष्मा आत सरकवायचा, हे तिला जमेना. या वयात अचानक अंगातून वाफा निघतात तेव्हा बंद हेल्मेटात तिला कोंडल्यासारखं होतं आणि ती सिग्नलला ते काढायला बघते. शिवाय तिच्या गाडीच्या डिकीत ते बसत नव्हतं. ॲक्टिव्हाच्या सीटखाली १८ लिटर जागा आहे. तेवढ्या जागेत लहान मापाचं ओपन फेस बहुधा मावतं, फुल फेस बऱ्याचदा नाही. ज्युपिटर १२५ सारख्या ३३ लिटरच्या डिकीला हा प्रश्न पडत नाही. शाळेत हेल्मेट घेऊन फिरायचं नसेल तर डिकीचा हिशेब निर्णयात धरावाच लागतो.

हनुवटीचा भाग वर उचलता येणारं फ्लिप-अप हेल्मेट हा मधला मार्ग होता. दुकानातलं एक हातात घेतल्यावर मावशीने मान हलवली. ही हेल्मेटं दीड किलोच्या आसपास जातात आणि इथे मात्र वजनाचा मुद्दा खराच होता. उलट टोकाला ती छोटी टोपीसारखी हेल्मेटं, कानांच्या वरच संपणारी. ती सगळ्यात हलकी, म्हणून मावशीला आवडली. मी त्यांना हात लावू दिला नाही. कानशिलं आणि डोक्याची मागची खालची बाजू उघडी ठेवणाऱ्या वस्तूवर पैसे घालण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा ठरलं ते असं: तिचा वेग, तिचा रस्ता, तिचा चष्मा आणि तिचा स्वभाव पाहता, जे ती धायरीपासून टिळक रस्त्यापर्यंत पट्टा लावून, न काढता घालेल ते चांगल्या बसणीचं ओपन फेस. मला आजही तिने फुल फेस वापरावं असं वाटतं, आणि मी ते तिला सांगतेही.

दुकानात

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत तिकडे गेलो, सकाळी लवकर, गर्दी नसताना. एका जागी बऱ्याच कंपन्यांची हेल्मेटं घालून पाहता येतील असं दुकान निवडलं, कारण आकार जुळवायचा तर एका कंपनीत अडकून चालत नाही. मापाच्या अक्षरांवर तर बिलकूल विसंबू नये. ५८० मिमी हे एका कंपनीत मीडियम असतं, दुसरीत लार्ज. अक्षर सोडून मिलिमीटर वाचायचे.

आयएसआयची खात्री आधी केली. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटांना बीआयएसचं प्रमाणन बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. रस्त्याकडेच्या ढिगातल्या हेल्मेटांवर चिन्ह छापलेलं असतं, पण क्रमांक तपासला की खरं-खोटं कळतं. लेबलवर उत्पादनाचा महिना-वर्षही पाहून घेतलं.

दुकानदाराने मावशीकडे एक नजर टाकून एक हेल्मेट पुढे केलं. “ताई, हे लेडीज साइज. थोडं टाइट वाटेल, वापरून सैल होईल.” भला माणूस होता, आणि गालांच्या बाबतीत त्याचं बरोबरच होतं. मावशीने घातलं. मी कानांच्या वर बोट घालून पाहिलं, सहज आत गेलं. कपाळाला विचारलं तर ती म्हणाली, “तिथेच आहे गं ते, जुनं दुखणं.” ठेवून दिलं.

आम्ही प्रत्येक हेल्मेट तिच्या रोजच्या अवतारात घालून पाहिलं: वेणी, पातळ टोपी, चष्मा, कानात कुड्या. मोकळ्या डोक्याने घेतलेलं माप घरी येऊन उपयोगाचं नाही. दोन्ही पट्टे बाहेर ताणून हेल्मेट घालायचं, म्हणजे कान दुमडत नाहीत. मग चष्मा. काड्या सरळ आत गेल्या पाहिजेत. त्या वाकून वर उचलल्या जात असतील तर प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून रस्ता भलत्याच भागातून दिसतो आणि कानामागे अर्ध्या तासात दुखायला लागतं. काही हेल्मेटांच्या गालाच्या गादीत काडीसाठी खाच असते. ती असलेलंच घ्यायचं, हे तिथे पाहिल्यावर ठरलं.

नंतर तीन गोष्टी पाहायच्या. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर गालांची आणि कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल आहे. पट्टा लावून मागची कड खालून धरून वर-पुढे ओढायची; हेल्मेट भुवयांवर लोळत आलं तर ते पडताना निघून जाणार. पट्टा हनुवटीच्या टोकावर नाही, तिच्या खाली गळ्याकडे बसावा आणि त्यात दोन बोटं जेमतेम जावीत. मावशीचं सैल हेल्मेट घरून नेलं होतं. ओढण्याच्या परीक्षेत ते पट्ट्यासकट तिच्या नाकावर आलं. ते पाहून ती काही क्षण बोललीच नाही. माझ्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते इथे झालं.

शेवटी एका हेल्मेटात तिचा चेहरा बदलला. “गालाला बरंच दाबतंय, पण कपाळाला काहीच नाही. चालेल का?” गाल चालतात. लेबलवर ५७० मिमी, आतून लांबट, कानांच्या वर गादी अलगद टेकलेली. दुकानदाराला विनंती करून तिने ते अर्धा तास घालूनच ठेवलं. त्यानेही बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. अर्ध्या तासाने काढल्यावर कपाळावर एकसारखी फिकट छाप होती, कुठेही लाल पट्टा किंवा ठिपका नव्हता. ही अर्ध्या तासाची बैठक मला सगळ्या मोजमापांपेक्षा मोलाची वाटते. दाबाचा त्रास पहिल्या पाच मिनिटांत जाणवत नाही आणि दुकानात कुणी पाच मिनिटंसुद्धा हेल्मेट डोक्यावर ठेवत नाही.

काच हनुवटीपर्यंत येणारी, पारदर्शक घेतली. काळपट काच उन्हात छान वाटते, पण शाळेचं स्नेहसंमेलन किंवा पालकसभा आटोपून अंधारात निघालं की तीच काच उघडी ठेवून चालवावं लागतं. लॉक दातेरी पट्टीचं, खट्‌खट् आवाज करत घट्ट होणारं. आत टोपी असो नसो, रोज नीट जुळवता येतं. गादी काढून धुता येणारी. किंमत हजार ते दोन हजारांच्या मधली.

नंतर काय झालं

घरी आल्यावर वजन केलं. नवं हेल्मेट १,०६० ग्रॅम. तिन्हींत सगळ्यात जड. ‘जड होतंय’ ही तक्रार मात्र परत आली नाही. कपाळाचा ठणका गेला. मान धरणंही थांबलं, कारण हनुवटी वर करून चालवायची गरज उरली नाही.

पहिले काही दिवस गाल आतून दाताला लागायचे, बोलताना जीभ चावली जायची. गादी बसल्यावर ते कमी झालं आणि तेव्हा पट्टा एक-दोन दाते आणखी आवळावा लागला. हे लक्षात ठेवायला हवं. नव्या हेल्मेटचा पट्टा एकदा लावून विसरायचा नसतो. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरण्याचा त्रास ओपन फेसमध्ये कमी आहे, खालून हवा येत राहते. पण त्याच हवेचा आवाजही येतो. सिंहगड रस्त्याच्या उड्डाणपुलावर वारा असला की तिला तो खटकतो. ‘हेल्मेटात हॉर्न ऐकू येत नाही’ ही भीती तिला होती. लॉस एंजेलिसमधल्या सुमारे ९०० अपघातांच्या तपासावर आधारलेल्या १९८१ च्या हर्ट अहवालात हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज अडत नाहीत, नजरही अडत नाही, असं आढळलं होतं. मावशीला आता हॉर्न नको इतके ऐकू येतात.

हेल्मेट आता आरशावर अडकवत नाही. आरशाची कड आतल्या थर्माकोलला खड्डे पाडते. जुन्या हेल्मेटाची गादी काढून पाहिली तेव्हा तसे दोन खड्डे स्पष्ट दिसले. काच पुसायला साधं पाणी आणि मऊ कापड, पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही. कवच पॉलिकार्बोनेटचं असेल तर त्याला हे द्रव कमकुवत करतात. जुनी दोन्ही हेल्मेटं पट्टे कापून भंगारात दिली, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

हनुवटीचा धोका आहे तसाच आहे. तिने एवढं कबूल केलं आहे की स्कूटर घेऊन बायपासवर किंवा खडकवासल्याच्या पुढे जायचं नाही. तिथले वेग वेगळे, ट्रक वेगळे.

मग राहिले काका. रविवारी ते मागे बसतात, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे; हेल्मेट पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि ते मोडल्यास कलम १९४ ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्र अशी तरतूद आहे. मावशीचं इतकं छान जमलं म्हणून काकांनी त्याच कंपनीचं, तेच मॉडेल, मोठ्या मापात मागवायचं ठरवलं होतं. त्यांना आधी दुकानात नेलं. त्यांचं डोकं गोलसर, घेर ६० सेंटिमीटर. मावशीला जे अलगद बसलं तेच मॉडेल त्यांच्या दोन्ही कानशिलांवर दहा मिनिटांत दुखायला लागलं. त्यांना दुसऱ्या कंपनीचं बसलं, तेच गोलसर आकाराचं, ज्याने मावशीचं कपाळ दुखलं असतं.